बटन बांधलेली बाटली

मनकर्णाबाई कापगत्यांचा आवाज खणखणीत होता. सेक्टर सातमधल्या सडक अकरावर दारात उभ्या राहून त्या आपल्या पोरांना जेवायला हाक मारायच्या, तेव्हा सडक बारावरची पोरंही हातातला खेळ टाकून घराकडे वळायची. साकोलीजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन भिलाईला आल्या तेव्हा त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, आणि मराठीही धानाच्या बांधावरची. शाळा चौथीपर्यंत. पण क्वार्टरच्या एका भिंतीला छत्तीसगढी शेजार, दुसऱ्या भिंतीला तेलुगू, समोर पंजाबी, कोपऱ्यावर बंगाली, आणि बाई काही गप्प राहणारी नव्हे. दोन वर्षांत त्यांनी स्वतःची एक हिंदी तयार केली. शाळामास्तरांना त्या हिंदीने घाम फुटला असता, पण सडकेवर ती सगळ्यांना कळायची.

नवरा देवाजी तिथल्या पोलाद प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे, कामाला. अबोल माणूस. कामावर जायचं, यायचं, जेवायचं, अंगणातल्या वांग्यांना पाणी घालायचं. त्याच्या मनात काय चाललंय हे बायकोलाही अंदाजानेच ओळखावं लागे.

एक्याऐंशी सालचा मार्च. पहिली पाळी संपवून देवाजी दुपारी तीनच्या सुमारास सायकलवरून घरी आला, पायरीवर बसला आणि सेफ्टी बूट ओढू लागला. उजवा बूट निघेना. मनकर्णाबाईंनी पुढे होऊन तो ओढला, तसा मोजा बुटाबरोबरच निघून आला, आणि मोज्याबरोबर तळव्याची कातडी. करंगळीच्या मुळाशी लोखंडाचा एक पापुद्रा, नखाएवढा, काळा, मांसात रुतून बसलेला. मिलमध्ये उडाला तेव्हा तो लालबुंद असणार.

त्या किंचाळल्या. देवाजी मात्र आपल्या पायाकडे असा पाहत होता, जणू तो शेजाऱ्याचा पाय आहे.

"दुखून नाई राहिलं का?"

"नाई."

"कवा घुसलं हे?"

"मले का मालूम," देवाजी म्हणाला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती उतरली. जखमेची नव्हे. न दुखण्याची.

दवाखान्यात डॉक्टर शैला पाठक होत्या. बारीक अंगाच्या, भरभर बोलणाऱ्या, नागपूरच्या मेडिकलमधून शिकून आलेल्या. त्यांनी पाय पाहिला, पिनेच्या टोकाने तळव्याला चार ठिकाणी टोचलं, आणि देवाजीला विचारलं, "साखर किती वर्षांपासून आहे?"

"यायले कोनती साखर?" मनकर्णाबाई मधेच बोलल्या. "यायले काई नाई."

देवाजी भिंतीकडे पाहू लागला. आणि त्या पाहण्यातच बाईंना कळलं, की आहे.

दोन वर्षांपूर्वी दुर्गच्या एका खासगी डॉक्टरने त्याला सांगितलं होतं. तो कागद त्याने घडी करून सायकलच्या सीटखाली ठेवला, आणि तिथेच त्याचा पाण्याने लगदा झाला. कुणाला सांगितलं नाही. औषध चार दिवस घेतलं नि सोडलं.

"मेडिकलमधी अनफिट केलं असतं तं?" तो बायकोला म्हणाला. "मिलमधून काढून कुठं कोपऱ्यात बसवलं असतं तं?"

करंगळी कापावी लागली, तिच्या शेजारचं बोटही. सव्वा महिना तो घरी होता. मनकर्णाबाई त्याची सगळी उस्तवार करत होत्या, पण बोलत नव्हत्या, आणि तो आवाज बंद झाल्यावर सडक अकरा ओकी ओकी वाटू लागली. अखेर एक दिवस भाकर वाढताना त्या म्हणाल्या, "बोटं गेली, त्याचं मले तितकं नाई. दोन वर्षं तुमी माह्या हातचं जेवत होते. रोज गुळाचा चहा मागून पेत होते. अन् मले सांगितलं नाई."

देवाजीने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की लघवीतली साखर घरच्या घरी वरचेवर तपासायला हवी. कशी, ते दाखवायला वेळ नव्हता. रांग दारापर्यंत होती. मनकर्णाबाई थेट मारोतराव देशकरांकडे गेल्या. मारोतराव प्लांटच्या प्रयोगशाळेत सहायक होते, अमरावतीकडचे, स्वच्छ धोतर आणि स्वच्छ भाषा बाळगणारे, सेक्टरच्या मराठी मंडळाचे चिटणीस. पोलादात कार्बन किती आणि गंधक किती हे तपासणाऱ्या माणसाला लघवीतली साखर काय अवघड! त्यांनी दुकानातून बेनेडिक्टचं निळं औषध आणायला सांगितलं, एक काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा स्वतःच दिला.

"हे पाहा वहिनी. एवढं निळं पाणी नळीत घ्यायचं. त्यात आठ थेंब. आठच. मग उकळायचं. नळीचं तोंड आपल्याकडे धरायचं नाही, उसळतं ते. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं झालं तर जास्त. आणि विटेसारखं लाल झालं तर…"

"तं पळा," बाई म्हणाल्या.

"हो. तर पळा."

एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः करून दाखवलं, तिसऱ्यांदा मारोतरावांना सांगितलं की दिव्याची वात जरा वर आहे. मारोतराव घरी जाऊन बायकोला म्हणाले, की आमच्या लॅबमधल्या दोन पदवीधरांपेक्षा या बाईचा हात स्थिर आहे.

देवाजीच्या संकोचामुळे हा उद्योग परसात, पेरूच्या झाडाखाली चालायचा. तिथे भिंतीवरून शेजारच्या छत्तीसगढी बिसाहिनने डोकं काढलं.

"का रांधत हस दीदी?"

"रांधत नहीं. मूत उबाल रही."

बिसाहिन इतकी हसली की भिंतीवरून घसरली. पण थोड्या वेळाने ती पुढच्या दाराने आली आणि तिचा चेहरा बदललेला होता. अहिवाऱ्याहून तिची म्हातारी आई तिच्याकडे राहायला आली होती. माठभर पाणी प्यायची, चिपाडासारखी वाळत चालली होती, आणि परसात ती जिथे लघवीला बसे तिथे मुंग्यांची रांग लागायची. घरातले म्हणत, म्हातारपण आहे.

नळी उकळली. निळ्या पाण्याला आधी हिरवट छटा आली, मग पिवळी, मग बघता बघता भाजलेल्या विटेचा रंग. बिसाहिनला त्या रंगाचा अर्थ सांगावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी म्हातारीला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. पंधरा दिवसांत म्हातारीला चव आली, भांडणाची ताकद आली, आणि ती सगळ्या सडकेला सांगत सुटली की मराठीण बाई बाटलीत पाहून आजार ओळखते.

लोक येऊ लागले. वर्षभरात मनकर्णाबाईंनी सडक अकराच्या निम्म्या घरांसाठी तरी नळी उकळली असेल. त्यात दर आठ-दहा माणसांमागे एक नळी पिवळी किंवा लाल व्हायची, आणि त्या माणसाला बहुधा काही पत्ताच नसायचा. हे बाईंच्या मनातून जाईना. एका सडकेवर इतके, तर अख्ख्या सेक्टरात किती?

त्या मारोतरावांकडे गेल्या. "मंडळाचा व्हरांडा दर इतवारी सकाळी द्या जी."

मंडळाच्या बैठकीत गडबड उडाली. जिथे गणपती बसतो, हळदीकुंकू होतं, तिथे लघवीच्या बाटल्या? एक सभासद म्हणाले, बरं, द्यायचाच तर आपल्या मराठी माणसांपुरता द्यावा.

मनकर्णाबाई बैठकीत दाराशी उभ्या होत्या. बायकांना बोलायची तिथे रीत नव्हती. त्या बोलल्या. "गनपती वर्षातले दहा दिवस बसते. बाकीचे इतवार तो व्हरांडा मोकळा पडून राह्यते. अन् भाऊ, बिसाहिनच्या मायले मी बाहेर उभी करू का? तुमच्या क्वार्टरमधी नळ तुटला होता तवा तिच्याच घरचं पानी पेले तुमी सगळे."

व्हरांडा मिळाला. पण बाईंना आता एका मंडळाने भागणार नव्हतं. तेलुगू शेजारीण नरसम्मा, श्रीकाकुळमकडची, कमी बोलणारी पण बोललं की करून दाखवणारी. तिला घेऊन त्या तेलुगू लोकांच्या राममंदिराच्या समितीकडे गेल्या. बिसाहिनला घेऊन छत्तीसगढी समाजाकडे. मग गुरुद्वाऱ्यात, मग बंगाल्यांच्या कालीबाडीत. सगळीकडे एकच मागणी: पैसा नको, दर आठवड्याला प्रत्येक समाजाने दोन माणसं द्यावी आणि आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगावं. गुरुद्वाऱ्यात गुरुग्रंथ वाचणाऱ्या ग्रंथींनी लगेच हो म्हटलं. कालीबाडीच्या सचिवांनी तीन बैठका घेतल्या आणि मग हो म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली: "नळीचा रंग म्हणजे निकाल नाही. तुम्ही फक्त शंका काढा. पिवळा आणि लाल माझ्याकडे पाठवा, रक्त मी तपासते. आणि कुणाचं औषध कुणी आपल्या मनाने बदलायचं नाही."

पहिला रविवार उजाडला. पाच समाजांच्या दहा बाया, चार दिवे, वीस नळ्या. आणि माणूस एकही नाही.

साडेनऊपर्यंत त्या बसल्या. बिसाहिनने दोनदा चहा आणला. समोरच्या रस्त्यावरून लोक जात, व्हरांड्याकडे पाहत आणि सायकलचा वेग वाढवत.

"लाज," नरसम्मा म्हणाली. "हातात बाटली घेऊन सगळ्यांच्या समोर कोण येणार?" हे ती हिंदीत म्हणाली, पाचही समाजांची बैठकीची भाषा तीच होती.

मनकर्णाबाईंनी मान हलवली. "लाज आहे. पर डर ज्यादा है." त्यांना सायकलच्या सीटखालचा कागद आठवत होता. नाव कळलं की ऑफिसात जाईल, ऑफिसात गेलं की काम बदलेल, ही भीती देवाजी एकट्याची नव्हती.

म्हणून दुसऱ्या रविवारी पद्धत बदलली. व्हरांड्याच्या मागच्या बाजूला एक लांब कट्टा होता, रस्त्यावरून न दिसणारा. पहाटे पाच ते सातच्या दरम्यान ज्याने त्याने तिथे बाटली ठेवून जायची. नाव नको, नंबर नको. बाटलीच्या गळ्याला आपल्याला ओळखू येईल अशी काहीही खूण बांधायची. दुपारी बाराला यायचं. धुतलेली बाटली तिथेच असेल, आणि तिला निळ्या, हिरव्या, पिवळ्या किंवा लाल कागदाची पट्टी. पिवळ्या-लालबरोबर डॉक्टरीणबाईंच्या भेटीची चिठ्ठी. कोण आलं, कोण गेलं, कुणी पाहायचं नाही.

त्या रविवारी चौदा बाटल्या आल्या. महिन्याभरात साठ. खुणा तरी काय एकेक! बांगडीचा तुकडा, लाल रिबीन, मोराचं पीस, जुन्या घड्याळाचा काटा, कुणाच्या तरी लहान बाळाच्या झबल्याचा बंद. आजाराचं काम असूनही बाया त्या खुणा पाहून हसत.

असं दोन वर्षं चाललं, चांगलं चाललं. त्यातून इतरही गोष्टी निघाल्या. मुख्य गेटजवळच्या चहाच्या टपरीवर 'फिकी', म्हणजे बिनसाखरेची चाय मागणाऱ्यांची संख्या वाढली, तशी टपरीवाल्याने दुसरी किटलीच ठेवली. बिसाहिनने कोदो या भरडधान्याचा भात सगळ्यांना खाऊ घातला, नरसम्माने नाचणीची आंबील. मनकर्णाबाईंनी जवारीची भाकर थापायला शिकवली, त्यात समोरच्या जोगिंदरबाईच्या भाकरी पंजाबच्या नकाशासारख्या व्हायच्या. संध्याकाळी बायांचा घोळका मैदानाला चार फेऱ्या मारू लागला. मारोतरावांनी या सगळ्याला 'संयुक्त मधुमेह प्रतिबंधक नागरिक समिती' असं नाव दिलं आणि शिक्का बनवून घेतला. लोक मात्र 'बाटलीवाल्या बाया' म्हणत.

पंच्याऐंशीच्या जुलैत एक नवी बाटली आली. गळ्याला दोऱ्याने एक खाकी बटन बांधलेलं. नळी लाल झाली, अगदी गर्द. लाल पट्टी लागली, चिठ्ठी गेली. पुढच्या रविवारी तीच बाटली, तोच रंग. त्याच्याही पुढच्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर अशा खुणेची चिठ्ठी घेऊन कुणी आलेलं नव्हतं.

खाकी बटन म्हणजे प्लांटच्या कपड्यांचं. सेक्टरातल्या प्रत्येक घरात दोरीवर तसले चार शर्ट वाळत असायचे. म्हणजे खूण अशी, की जिच्यावरून कुणालाच काही ओळखता येऊ नये. बाईंना वाटलं, हा माणूस नुसता लाजरा नाही. हा घाबरलेला आहे.

सहा रविवार झाले. बिसाहिन म्हणाली, पहाटे झाडामागे लपून बघू, पाच मिनिटांचं काम. जोगिंदरबाईलाही ते पटलं. मनकर्णाबाईंना सुद्धा मोह झाला. खोटं कशाला सांगा. पण नरसम्मा नाही म्हणाली. "आपण शब्द दिला आहे. एकाला पकडलं तर पुढच्या रविवारी साठ बाटल्यांच्या सहा होतील."

खरं होतं ते. मनकर्णाबाई घरी आल्या त्या विचारातच. जेवताना देवाजीला सारं सांगितलं, नेहमीसारखं, उत्तराची अपेक्षा न करता. "त्याले आमी शोधू शकत नाई. पन आवाज तं देऊ शकतो. पाचही समाजात, पाचही भाषेत सांगू. की बाबा, बटनवाल्या, ये. तुले कोनी काई करत नाई." मग थांबून म्हणाल्या, "पन तो इस्वास कावून ठेवन? माह्या सांगण्यावर? मी का प्लांटमधी काम करतो?"

देवाजी हात धुवायला उठला. परत येऊन म्हणाला, "गनपतीत आरतीनंतर मले दोन मिनिटं दे."

बाईंना आधी कळलंच नाही.

"मी सांगतो," तो म्हणाला.

लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. या माणसाला चार लोकांत उभं राहून बोलताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या ताटं उचलायला लागल्या. बोलल्या असत्या तर त्याने विचार बदलला असता.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळच्या आरतीनंतर, मारोतरावांनी माइक देवाजीच्या हाती दिला. मांडव भरलेला होता. देवाजीने माइक तोंडाच्या फार जवळ धरला, तो शिट्टी वाजल्यासारखा किंचाळला, लोक हसले. देवाजीने वाट पाहिली. मग खाली वाकून उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय खुर्चीवर ठेवला.

"ही दोन बोटं नाहीत," तो हिंदीतच बोलला, कारण मांडवात सगळे होते. "कापली. मला साखर आहे. दोन वर्षं मी लपवली. भीती होती की काम जाईल. बोटं गेली, काम नाही गेलं. आजही रेल मिलमध्येच आहे. गरम बाजूला नाही, इन्स्पेक्शनला आहे, पण ग्रेड तीच आहे." त्याला दम लागला. "बटनवाला जो कोणी असेल त्याने यावं. आधी सांगितलं असतं तर माझी बोटं राहिली असती. बस."

त्याने चप्पल घातली आणि खाली उतरला. मनकर्णाबाई बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्याच आठवड्यात गुरुद्वाऱ्यात अरदास या प्रार्थनेनंतर ग्रंथींनी सांगितलं. कालीबाडीत सांगितलं. बिसाहिनने तिजेच्या सणाला माहेरी जाऊन परतलेल्या बायांत सांगितलं, की आपापल्या नवऱ्यांच्या कानावर घाला. आणि शनिवारी राममंदिरात नरसम्मा उभी राहिली. तेलुगूत ती म्हणाली ते असं: हा जो कोणी भाऊ आहे त्याची बाटली दर रविवारी मी माझ्या हाताने धुते. त्याच्या घरी बायको असेल, तिला हे माहीत नसेल. मी त्याला एवढंच सांगते, की तिला सांग. ती रागावेल. पण तिला सांग.

रविवारी सकाळी नळ्या उकळत होत्या. नरसम्मा बादलीपाशी बसून बाटल्या विसळत होती. व्हरांड्याच्या पुढच्या पायऱ्यांवर, मागच्या कट्ट्यावर नव्हे, एक माणूस येऊन उभा राहिला. तिसरी पाळी संपवून थेट आलेला, अंगावर खाकी कपडे, हातात बाटली.

तो अप्पाराव होता. नरसम्माचा नवरा.

नरसम्माने वर पाहिलं. बाटलीच्या गळ्याचं बटन पाहिलं. मग नवऱ्याच्या शर्टाकडे पाहिलं. तिथे खालचं बटन नव्हतं, आणि त्या जागी सेफ्टी पिन लावायला तिनेच त्याला दोन महिन्यांपूर्वी दिली होती.

मनकर्णाबाईंनी दिव्यांच्या वाती खाली केल्या.

अप्पाराव क्रेनवर होता. पोलाद वितळवण्याच्या शॉपमध्ये, उंचावरच्या केबिनमध्ये बसून वितळलेल्या पोलादाची भली मोठी बादली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायची. खाली माणसं काम करत असतात. या कामावर त्याचा जीव होता, शॉपमध्ये त्याच्याइतका नेमका हात दुसऱ्याचा नाही असं म्हणत. "मागच्या आठवड्यात वर डोळ्यांपुढे धुकं आलं," तो मान खाली घालून म्हणाला. "अर्धा मिनिट. बादली भरलेली होती."

नरसम्मा उठली. ओले हात पदराला पुसले. मनकर्णाबाईंना वाटलं, आता ही त्याच्या तोंडात मारते. तिने त्याच्या हातातली बाटली घेतली, बटन तोडून कनवटीला खोचलं, आणि मनकर्णाबाईंना म्हणाली, "तुम्ही दिवे बघा. मी ह्यांना डॉक्टरकडे नेते." आणि चालू लागली; नवरा दोन पावलं मागे. पुढचे चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. हे चार दिवस कसे जातात ते देवाजीला ठाऊक होतं. तो रोज संध्याकाळी अप्पारावकडे जाऊन बसायचा. दोघं अबोल माणसं, ओसरीवर, फिका चहा घेऊन.

राहिला कामाचा प्रश्न. क्रेनवर पुन्हा चढायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. ते पत्र घेऊन अप्पाराव एकटा गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे. पण शॉपच्या साहेबांकडे गेले ते पाच समाजांचे दहा लोक: ग्रंथी, कालीबाडीचे सचिव, राममंदिराचे पुजारी, मारोतराव आपला शिक्का मारलेला अर्ज घेऊन, युनियनचा एक माणूस, आणि बाया. साहेबांनी चष्मा काढून इतक्या लोकांकडे पाहिलं. "तुमचा पुढारी कोण?"

सगळ्यांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं.

"साहब," त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या, "ये आदमी खुद चल के आया. किसी ने पकडा नहीं. आप इसको सजा दोगे, तो बाकी के लोग वरच बैठेंगे, धुंद आँख ले के. आप इसको संभालोगे, तो सब खुद उतरेंगे."

साहेबांना 'वरच' हा शब्द कळला नसावा, बाकी कळलं. अप्पाराव जमिनीवर उभा राहून क्रेनला इशारे देण्याच्या कामावर आला. ग्रेडला धक्का लागला नाही. ते सोपं गेलं असं नाही. कित्येक महिने तो काम करता करता वर केबिनकडे पाहत राहायचा. पण डोळ्यांपुढचं धुकं गेलं, आणि दिवाळीपर्यंत त्याची नळी हिरव्यावर आली.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत पुढच्या पायऱ्यांवरून, उजेडात, नाव सांगून अकरा माणसं आली. त्यात दोन क्रेनवाले, एक बसचा ड्रायव्हर आणि मंडळाच्या बैठकीत 'आपल्या माणसांपुरता' म्हणणारे ते सभासदही होते. त्यांच्या नळीचा रंग मनकर्णाबाईंनी कुणाला सांगितला नाही. मागचा कट्टाही चालूच राहिला; ज्याला लपून यायचं त्याने लपून यावं.

सगळेच काही वाचले नाहीत. बिसाहिनची आई सात वर्षं ठणठणीत जगली, पण जोगिंदरबाईच्या दिराने चिठ्ठ्यांची चेष्टा केली आणि अठ्ठ्याऐंशीत त्याची दृष्टी गेली. मनकर्णाबाई त्याला भेटायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, "भाभी, सुना दो जो सुनाना है." त्यांनी काही सुनावलं नाही. त्याच्या बायकोला पाय तपासायला शिकवून आल्या: रोज रात्री, बोटांच्या बेचक्यांतून, आरसा धरून तळवा.

नव्वद सालानंतर बुडवायच्या कागदी पट्ट्या आल्या, दिवे आणि नळ्या कपाटात गेल्या. मारोतराव निवृत्त होऊन अमरावतीला परतले, जाताना शिक्का मनकर्णाबाईंच्या हाती देऊन म्हणाले, "वहिनी, नाव लांब होतं, पण काम तुम्ही आखूड होऊ दिलं नाही." चौऱ्याण्णवमध्ये देवाजी निवृत्त झाला आणि दोघं हुडको वसाहतीतल्या लहानशा घरात राहायला गेली. तिथे निवृत्त माणसांची दाटी. बाईंना दुसऱ्याच महिन्यात तिथलं सामूहिक भवन रविवारी रिकामं असतं हे कळलं.

एकदा दुर्गच्या मोहन नगरातून तीन बाया त्यांना बोलवायला आल्या. शिकलेल्या होत्या, वह्या घेऊन आलेल्या. कार्यक्रम ठरला. मनकर्णाबाई मोहन नगरात गेल्या, समोर चाळीसेक बाया, तरुण, बऱ्याचशा मराठी घरांतल्या पण आपसात हिंदी बोलणाऱ्या. बाईंनी पट्टी कशी बुडवायची ते दाखवलं, पाय कसे पाहायचे ते सांगितलं.

मागच्या रांगेतली एकजण उठली. "काकू, पण आमच्या कॉलनीत तर कोणी एकमेकांकडे जात नाही. सुरुवात कुठून करायची?"

"तुह्या डाव्या हाताच्या भिंतीपलीकडं कोन राह्यते?"

मुलगी गोंधळली. "माहीत नाही. कोणी तरी केरळचे आहेत बहुतेक."

"मंग आज संध्याकाळी जाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "साखरेचं काई बोलू नको. नाव विचार, अन् चहा दिला तं फिका माग. कावून फिका, ते त्याच विचारतीन. तितूनच चालू होते."

सभागृहात हशा पिकला. मुलीने वही मिटली आणि विचारलं, "आणि नाही विचारलं तर?"

"तं परवा पुन्हा जाय," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेतल्या म्हातारीच्या पायाची चप्पल काढायला खाली बसल्या.